गल्फला गेलेला माणूस मागे का राहतो?

गल्फमध्ये वीस-वीस वर्षे काढलेली माणसे आपल्या वसईतही आहेत. घर उभे राहिले, मुलांची शिक्षणे झाली. पण फिटर म्हणून गेलेला अनेकदा फिटर म्हणूनच परत आला. आळस हे त्याचे कारण नव्हे.

सुरुवात विमानात बसण्याआधीच होते. परवानाधारक एजंटाला सेवाशुल्क म्हणून फार तर ३०,००० रुपये व त्यावरील कर घेता येतो. प्रत्यक्षात त्याच्या कितीतरी पट मोजून लोक जातात. दागिने गहाण पडतात. मग पहिले वर्ष माणूस स्वतःसाठी नव्हे, सावकारासाठी राबतो. पगार थकला तरी डोक्यावरच्या कर्जामुळे तो गप्प राहतो. मजूर परदेशी असला तरी त्याची मजुरी सूर्य मावळण्यापूर्वी द्यावी, असे अनुवादाच्या २४व्या अध्यायात सांगितले आहे. तिथे महिनेच्या महिने मावळतात!

दुसरी गाठ 'कफाला' पद्धतीची. या पद्धतीत कामगाराचा व्हिसा मालकाशी बांधलेला असतो. शेजारच्या कंपनीत वेल्डरला जास्त पगार मिळत असला तरी मालकाच्या संमतीशिवाय तिकडे जाता येत नाही. न विचारता गेला तर 'पळाला' अशी तक्रार होते आणि तो बेकायदेशीर ठरतो. हात कितीही तयार झाला तरी त्याचा भाव वाढत नाही तो यामुळे. कतारने २०२० मध्ये ही संमतीची अट काढली. सौदी अरेबियाने २०२१ मध्ये नियम सैल केले, पण घरकामगार व खाजगी चालकांना त्यातून वगळले. ज्यांना सर्वांत जास्त गरज, तेच बाहेर!

दहावी न झालेल्यांना गल्फमध्ये नोकरीसाठी जाताना आपल्या सरकारची मंजुरी लागते. ती टाळायला एजंट म्हणतो, "व्हिजिट व्हिसावर चल, तिकडे बदलून देतो." तसे गेल्यास तिथे काम करणे बेकायदेशीर, आणि मंजुरीबरोबर मिळणारा १० लाखांचा विमाही नाही.

घरातले कोणी निघाले असेल तर एजंटाचा परवाना क्रमांक सरकारच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर तपासा. करार समजेल अशा भाषेत वाचून घ्या, मगच सही. कराराची, व्हिसाची आणि पासपोर्टची एकेक प्रत घरी ठेवा. आणि हे सारे दागिने गहाण टाकण्यापूर्वी करा.