पानगळीत उमललेली फुले
(मननासाठी : मत्तय 6:25-34, स्तोत्र 104)

फाल्गुन लागला म्हणजे पुण्याच्या आसपासचे माळ व टेकड्या उघड्याबोडक्या दिसू लागतात. गवत वाळून पिवळे पडलेले असते, ओढे आटत चाललेले असतात, आणि पावसाला अजून तीन महिने अवकाश असतो. अशाच वेळी पळस, पांगारा व काटेसावर ही झाडे फुलतात. अंगावर एक पान नाही, परंतु फांदी फांदी तांबडी झालेली! पाणी राखावे म्हणून झाड पाने गाळून टाकते. मग आड येण्यास पाने नसल्यामुळे त्याची फुले मैना, बुलबुल इत्यादी पाखरांस दुरून दिसतात. ती मध पिण्यास येतात व एका फुलाचा पराग दुसऱ्यास पोहोचवितात. आपला वसंत असा आहे. तो सुकाळात येत नाही, कोरड्या दिवसांत येतो.

वाचकहो, या ऋतूविषयी आपल्या मंडळ्यांतील पुष्कळांच्या मनात एक संकोच असतो. होळी आपण सोडली, पाडव्याची गुढी सोडली. तेव्हा पळसाचे फूल, कडुनिंबाचा मोहोर व कोकिळेचा शब्द हीही जणू शेजाऱ्यांचीच झाली, असे त्यांना वाटते. ख्रिस्ती मनुष्याने फुलात रमावे काय? या प्रश्नाचा विचार आज आपण एका कवीच्या चरित्रावरून करू.

पुण्यात शिवाजीनगर येथे ख्रिस्त प्रेम सेवा संघाचा आश्रम आहे. या संघाचा पाया घालणारे जॅक विन्स्लो यांनी 1923 साली एक इंग्रजी चरित्र प्रसिद्ध केले. ते रेव्हरंड नारायण वामन टिळक यांचे होय. टिळकांस महाराष्ट्र ‘फुलामुलांचे कवी’ म्हणून ओळखतो. 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्या दिवसापासून जात गेली व सोयरे तुटले. पत्नी लक्ष्मीबाई यांच्याशीही काही वर्षे वियोग झाला. पुढे त्याही प्रभूच्या कळपात आल्या. आपल्यापैकी ज्यांना घर सोडावे लागले, त्यांना हे दुःख निराळे सांगावयास नको.

आता लक्षात घ्या की, टिळकांनी जुना धर्म सोडला, परंतु रानातले फूल सोडले नाही. अभंगही सोडला नाही, कीर्तनही सोडले नाही. फुलाशी व पाखराशी ते आप्तासारखे बोलत राहिले. आणि ज्या चालींवर वारकरी गातात, त्याच धाटणीची भजने त्यांनी ख्रिस्ताला वाहिली. ती आपण आजही उपासनेत गातो. पाने गळाली होती खरी; परंतु फांदी फुलली. ज्याने अंतःकरण नवे केले, त्यानेच हा माळ व हे झाड केले आहे, अशी ज्याची खात्री पटली, त्याला आपल्या देशातला वसंत परका कसा वाटावा?

अहमदनगरास टिळकांच्या घरी एक तरुण कवी राहत असे. त्याचे नाव त्र्यंबक बापूजी ठोमरे. 1907 साली जळगावच्या कविसंमेलनात त्याला ‘बालकवी’ ही पदवी मिळाली. तो हिंदूच राहिला, तरी या ख्रिस्ती घराने त्याला पोटच्या पोरासारखे वागविले. लक्ष्मीबाईंनी ‘स्मृतिचित्रे’ या पुस्तकात त्याच्या आठवणी लिहून ठेविल्या आहेत. झरे, फुले व पहाट यांत हा तरुण इतका रमे की, त्याच्या ओळी आजही शाळेतल्या मुलांच्या तोंडी आहेत. परंतु त्याच्याच काही कवितांत फार गडद उदासीही आहे. 1918 साली, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी, आगगाडीच्या अपघातात तो गेला.

यावरून दोन गोष्टी शिकाव्या. पहिली ही की, सृष्टीचे सौंदर्य कोणा एका समाजाचे वतन नव्हे. पृथ्वी व तिच्यातील सर्व काही प्रभूचे आहे, हे वचन पौलाने करिंथकरांस बाजारातील मांसाविषयी लिहिताना आठविले (1 करिंथ 10). झाडाची पूजा करू नये. परंतु झाड पाहून त्याच्या कर्त्याची स्तुती करू नये, असे कोणी सांगितले? दुसरी गोष्ट ही की, फूल समाधान देते, परंतु ते पुरवीत नाही. वैशाखात पळसाची फुले मातीत पडतात. म्हणून प्रभूने रानातील फुलांकडे बोट दाखविले ते तेवढ्यावर थांबण्यासाठी नव्हे, तर त्यांना नेसविणाऱ्या पित्यावर भरवसा ठेवण्यासाठी. आणि उदास माणसाला फुलाबरोबर एखादे उघडे दारही लागते. ठोमरे यांस ते टिळकांच्या घरी मिळाले.

उपदेशक बंधूंस आमची विनंती आहे की, येत्या रविवारी हा पाठ देवळाच्या भिंतीआड न घेता गावाबाहेर एखाद्या फुललेल्या झाडाखाली घ्यावा. मुलांस एकेक फूल उचलून आणू द्यावे. मंडळीत कोणी नव्याने आलेला, घरच्यांनी टाकलेला असेल, तर त्याला आपल्याजवळ बसवावे व त्या दिवशी जेवावयास घरी न्यावे.

प्रश्न :
1. पळस पाने गाळून का फुलतो? संकटात पडलेल्या विश्वासणाऱ्याने त्यापासून काय घ्यावे?
2. टिळकांनी काय सोडले व काय राखले?
3. झाडाची पूजा व झाडाबद्दल देवाची स्तुती यांत भेद कोणता?
4. आपल्या गावात उघड्या दाराची वाट पाहणारा कोण आहे?