शाळेतील खाऱ्या पाण्याची मत्स्यपेटी

समुद्र आपल्या बीड जिल्ह्यापासून दूर, म्हणून प्रवाळाचा पाठ चित्रावरच भागवावा लागतो. काही शिक्षकबंधूंना सजीव प्रवाळाची मत्स्यपेटी करण्याची हौस वाटते. हौस स्तुत्य आहे. परंतु खडक रचणाऱ्या प्रवाळास वन्यजीव संरक्षण अधिनियम, 1972 अन्वये संरक्षण आहे. मालवणच्या किनाऱ्यावरून तुकडा आणण्याचा विचारही करू नये. शिवाय त्यास सुमारे 25 ते 27 अंश उष्णतामान मानवते. आपला वैशाख कसा असतो हे सांगणे नको.

केवळ मासे ठेवावयाचे झाले तरी घाई घातक ठरते. लिटरमागे सुमारे 35 ग्रॅम सागरी क्षारांचे मिश्रण घालावे. खाण्याचे मीठ चालत नाही. माशांच्या उत्सर्गातून अमोनिया हे विष तयार होते. त्याचे प्रथम नायट्राइट व मग सौम्य नायट्रेट करणारे सूक्ष्म जंतू पेटीत वाढण्यास बहुधा चार ते सहा आठवडे लागतात. तत्पूर्वी मासे सोडल्यास ते मुलांच्या देखत मरतात.

पाणी आटते, क्षार मात्र मागे राहतात. म्हणून भर गोड्या पाण्याचीच घालावी. टंचाईच्या गावी पेटीचा हट्ट धरू नये. उघड्या बरणीत मिठाचे पाणी उन्हात ठेवून पातळीवर रेघ मारावी. आठवड्याने रेघेखाली पांढरा थर दिसेल. तो मुलांना चाखू द्यावा.