स्टेशनची फरशी निवडताना

सिव्हिलच्या पोरांना विचारा, स्टेशनला कोणती फरशी टाकाल? बहुतेक जण म्हणतील, "ग्रॅनाइट, मिरर पॉलिश!" शोरूममध्ये ती झकास दिसतेही. पण शोरूमची फरशी कोरडी असते. माझ्या मते आधी दोनच प्रश्न विचारावेत : ओली झाल्यावर ती पाय धरते का, आणि ती रोज कोण, कशाने धुणार?

दौंड जंक्शनच घ्या. पुणे-सोलापूर मार्गावरून मनमाडची लाईन इथे फुटते. अपरात्री गाडी बदलणारी माणसं, डोक्यावर बोचकं घेतलेल्या आज्या, सिद्धटेकला निघालेली कुटुंबं. पावसाळ्यात शेड असली तरी चपलांबरोबर पाणी आत येतंच. गुळगुळीत दगड आणि चप्पल यांच्यामध्ये पाण्याचा पातळ थर अडकतो आणि घर्षण एकदम कमी होतं. घरात पाय घसरला तर माणूस आपटतो. प्लॅटफॉर्मच्या कडेला घसरला तर खाली रूळ आहेत.

हे मोजता येतं. पेंड्युलम टेस्टमध्ये रबर लावलेला लंबक ओल्या फरशीवर घासत जातो. ब्रिटनमधल्या निकषानुसार आकडा 36 किंवा जास्त आला तर घसरण्याचा धोका कमी, 25 च्या खाली आला तर भरपूर. म्हणून ग्रॅनाइट जरूर घ्या, पण फ्लेम फिनिशचा. ज्योतीने तापवल्यावर त्याच्या कपच्या उडतात आणि पृष्ठभाग खरखरीत होतो.

मग सगळंच खरखरीत करावं? तसंही नाही! खाचांत माती, चहा, पानाची पिचकारी बसते. डाग निघेना की सरळ ऍसिड ओतलं जातं, आणि इथे आपली लाडकी शहाबादी मार खाते. (हा दगड ज्या शहाबादचा, ते स्टेशन दौंडवरून जाणाऱ्या याच मार्गावर, सोलापूरच्याही पुढे आहे.) शहाबादी आणि कोटा हे दोन्ही चुनखडक, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. ऍसिड पडलं की फसफसून दगडच झिजतो, खड्ड्यांत आणखी घाण बसते, मग आणखी ऍसिड! साबण-पाण्यानेच धुण्याची खात्री नसेल तर चुनखडक टाळावा. भिंतीला मात्र चकचकीत टाईल्स बिनधास्त लावा. भिंतीवरून कुणी चालत नाही.

कडेजवळच्या पिवळ्या टाईल्स शोभेच्या नाहीत. जपानच्या सेइइची मियाके यांची ही कल्पना. 1967 साली ओकायामा शहरात त्या पहिल्यांदा बसल्या. गोल टिपके म्हणजे "थांबा, पुढे धोका". लांबट पट्ट्या म्हणजे "या दिशेने चला". मिस्त्रीने पट्ट्यांची टाईल आडवी फिरवून बसवली तर अंध माणसाला आपणच रुळांकडे पाठवतो. साईटवर हे एक तरी स्वतः वाकून तपासा.

शिरूरला रेल्वे नाही, एसटी स्टँड आहे. तिथलं गणित वेगळं. बस जिथे वळते तिथे टाईल टिकत नाही, आणि गळलेल्या डिझेल-ऑइलने डांबर मऊ पडतं. तिथे काँक्रीट, नाहीतर जाड पेव्हर ब्लॉक. 2006 च्या आय.एस. 15658 मध्ये जड वाहतुकीसाठी 100 मिमी जाडीचा, एम-50 ग्रेडचा ब्लॉक सांगितला होता. सोसायटीच्या पार्किंगमधला 60 मिमीचा ब्लॉक स्वस्त पडतो म्हणून तिथे टाकू नये.