काळी बुरशी व उसाची साखर

चाळींतील कांद्यावर काजळीसारखी काळी बुरशी येते, हें आमच्या बागाईतदार वाचकांस ठाऊक आहेच. शास्त्रज्ञ तीस ॲस्परजिलस नायजर म्हणतात. हीच बुरशी उसाच्या साखरेचें मोल वाढवूं शकते. तें कसें हें पाहूं.

साखरेच्या प्रत्येक रेणूंत ग्लुकोज व फ्रुक्टोज यांची जोडी असते. बुरशीचें विकर ही जोडी तोडून सुटलेलें फ्रुक्टोज दुसऱ्या साखर-रेणूस जोडतें. पाक पातळ असल्यास साखर नुसती फुटते. म्हणून शेंकडा ५० ते ६० साखरेचा दाट पाक घेतात. अशी लांबलेली साखर लहान आंतड्यांत पचत नाहीं. मोठ्या आंतड्यांत जाऊन ती तेथील हितकर जंतूंस अन्न पुरविते. जपानांत १९८४ च्या सुमारास ती व्यापारी प्रमाणावर होऊं लागली.

मात्र घरीं पाकावर बुरशी धरवूं नये. कांहीं बुरशा विष उत्पन्न करितात. कारखान्यांत पारखलेलाच वाण वापरतात.

ऊस आमचा व कसब परक्याचें राहिल्यास वाढीव मोल परक्याच्याच पदरीं पडेल. सहकारी कारखान्यांच्या सभासदांनीं हा विषय वार्षिक सभेंत अवश्य मांडावा, अशी आमची सूचना आहे.