चित्रपुस्तकाची निर्मिती : शब्द, चित्र आणि पान

१. प्रास्ताविक

बालसाहित्याच्या चर्चेत ‘सचित्र पुस्तक’ आणि ‘चित्रपुस्तक’ या संज्ञा अनेकदा एकाच अर्थाने वापरल्या जातात. वास्तविक त्यांत मूलभूत भेद आहे. सचित्र पुस्तकातील चित्रे काढून टाकली तरी गोष्ट समजते. चित्रपुस्तकात मात्र गोष्टीचा काही भाग केवळ चित्रातच असतो. लेखक आणि चित्रकार एकच असेल, तर कोणता आशय शब्दांत मांडायचा आणि कोणता चित्रावर सोपवायचा, याचा निर्णय त्यालाच घ्यावा लागतो. अमेरिकन लेखक-चित्रकार मॉरिस सेंडॅक (१९२८–२०१२) यांच्या ‘व्हेअर द वाइल्ड थिंग्ज आर’ (१९६३) या पुस्तकाच्या आधारे ही प्रक्रिया आपण समजून घेऊ.

२. कल्पनेपासून आराखड्यापर्यंत

या पुस्तकाचा पहिला आराखडा सेंडॅक यांनी १९५५ मध्ये केला. असा आराखडा म्हणजे एक लहानशी वही असते. कोणत्या पानावर कोणते चित्र आणि कोणता मजकूर येणार, हे तीत कच्च्या स्वरूपात मांडलेले असते. त्या वेळी गोष्ट रानटी घोड्यांची होती. परंतु आपल्याला घोडे नीट काढता येत नाहीत, हे सेंडॅक यांच्या ध्यानात आले. संपादिका अर्सुला नॉर्डस्ट्रॉम यांच्याशी झालेल्या विचारविनिमयानंतर घोड्यांच्या जागी ‘थिंग्ज’ हा शब्द आला. या शब्दाला ठरावीक रूप नाही. त्यामुळे चित्रकार मोकळा झाला. ते रूप त्यांना बालपणीच्या आठवणींत सापडले. पोलंडहून आलेले त्यांचे ज्यू नातेवाईक ब्रुकलिनमधील घरी येत, गालगुच्चे घेत आणि ‘तुला खाऊनच टाकतो’ असे लाडाने म्हणत. लहान मुलाला मात्र त्यांचे वेडेवाकडे दात जवळून दिसत. प्रेम आणि भीती यांचे हे मिश्रण पुस्तकातील प्राण्यांत उतरले आहे.

३. शब्द आणि चित्र यांतील श्रमविभागणी

लांडग्याचा पोशाख घातलेला मॅक्स खोड्या करतो. आई त्याला उपाशी झोपायला पाठवते. त्याच्या खोलीत अरण्य उगवते, तो नावेतून दूर जातो, विचित्र प्राण्यांचा राजा होतो आणि अखेर घरी परततो. मूळ इंग्रजी मजकूर अवघा ३३८ शब्दांचा आहे.

मॅक्सने कोणत्या खोड्या केल्या, हे शब्द सांगत नाहीत. भिंतीत खिळा ठोकणारा आणि काटा घेऊन कुत्र्यामागे धावणारा मॅक्स आपल्याला चित्रात दिसतो. जिन्याजवळच्या भिंतीवर त्याने स्वतः काढलेले एका प्राण्याचे चित्रही लावलेले आहे; म्हणजे पुढे भेटणारे प्राणी कोठून आले, याची सूचना आधीच मिळते. आई मात्र शब्दांतच आहे. चित्रात ती एकदाही येत नाही.

४. पान हे रचनेचे एकक

गद्यात विरामचिन्हे जे कार्य करतात, ते चित्रपुस्तकात पान उलटण्याची क्रिया करते. या पुस्तकाचे पहिलेच वाक्य दोनदा पान उलटल्यावर पूर्ण होते. चित्रांचा आकारही अर्थवाहक आहे. सुरुवातीचे चित्र रुंद कोऱ्या समासांत लहानसे असते. अरण्य वाढते तसे ते वाढत जाते. प्राण्यांच्या धिंगाण्याची तीन जोडपाने पूर्णतः चित्रमय असून त्यांवर एकही शब्द नाही. शेवटच्या पानावर याच्या उलट चित्र नाही, केवळ जेवणाच्या उबेविषयीचे पाच शब्द आहेत. राग निवळल्याचे आणि आईच्या मायेचे सूचन त्यांतून होते.

५. मराठीच्या संदर्भात

मराठीतही माधुरी पुरंदरे यांच्यासारख्या लेखिकेने ‘राधाचं घर’ ही पुस्तके स्वतः लिहिली आणि चित्रित केली आहेत. मराठीत लिहिताना एक भाषिक प्रश्न उद्भवतो. मराठी क्रियापद बहुधा लिंग प्रकट करते. ‘झाडामागून कोणीतरी डोकावले’ या वाक्यातील नपुंसकलिंग रहस्य राखते. ‘डोकावली’ म्हटले की चित्र पाहण्याआधीच अर्धे उत्तर मिळते. म्हणून चित्रपुस्तकाच्या मराठी लेखकाला क्रियापदाचे रूप निवडतानाही चित्राचा विचार करावा लागतो.

६. समारोप

आपल्यापैकी अनेकजण पालक वा शिक्षक आहेत. शब्दविरहित पान आले की ते समजावून सांगण्याचा किंवा झटकन उलटण्याचा मोह आपल्याला होतो. परंतु तेथे लेखक हेतुपुरस्सर गप्प बसलेला असतो. ती जागा मुलाच्या वाचनासाठी राखलेली असते. अक्षरओळख नसलेले मूलही त्या पानावर वाचक असते. त्या पानावर मोठ्यांनी थांबणे, हाही वाचनसंस्काराचाच भाग होय.

स्वयंअध्ययनासाठी प्रश्न

१. सचित्र पुस्तक आणि चित्रपुस्तक यांतील भेद सोदाहरण स्पष्ट करा.
२. एखादे मराठी चित्रपुस्तक निवडा. त्यातील केवळ मजकूर वहीत उतरवून घ्या व गोष्टीतील कोणता आशय निसटला, ते लिहा.
३. तेच पुस्तक एखाद्या लहान मुलासोबत पाहा. आपण न सांगता मुलाने चित्रात काय वाचले, याची नोंद करा.