समुद्रावरची भागीदारी

सागरी विमा शिकताना लंडनच्या लॉईड्सचे नाव येतेच. १८१४ साली या लॉईड्समध्ये लावण्यासाठी टॉमस बॉइल नावाच्या अमेरिकन कप्तानाने एक जाहीरनामा पाठविला. आपल्या 'शासर' या एकट्या जहाजाच्या जोरावर त्याने साऱ्या ब्रिटिश किनाऱ्याची नाकेबंदी पुकारली होती! थट्टाच ती, पण विमेवाल्यांना झोंबणारी.

जून १८१२ मध्ये अमेरिकेने ब्रिटनविरुद्ध युद्ध पुकारले, तेव्हा ब्रिटिश आरमारात पाचशेहून अधिक जहाजे होती. अमेरिकेची लढाऊ जहाजे वीसदेखील नव्हती. म्हणून अमेरिकन सरकारने शत्रूची व्यापारी जहाजे पकडण्याचे परवाने खाजगी मालकांना दिले. असे परवाने सुमारे पाचशे निघाले. परवाना असलेला तो प्रायव्हेटिअर, नसलेला तो समुद्री चाचा.

हा व्यवहार कसा चाले? बाल्टिमोर, सेलम अशा बंदरांतील व्यापारी भागीदारीने भांडवल उभारीत. दोन त्रयस्थ जामीनदारांसह पाच हजार डॉलरचे जामीनखत द्यावे लागे. दीडशेहून अधिक माणसे असल्यास दहा हजारांचे. पकडलेले जहाज परस्पर विकता येत नसे. न्यायालयाने ती रीतसर लूट ठरविल्यावरच विक्री होई. वेगळा करार नसल्यास निम्मी रक्कम मालकांची व निम्मी कप्तान-खलाशांची. त्यातून शेकडा दोन रक्कम अपंग खलाशी, विधवा व अनाथ मुले यांच्या निधीत जाई.

युद्धकाळात तेराशेच्या आसपास ब्रिटिश जहाजे पकडली गेली. विम्याचे दर भडकले. सप्टेंबर १८१४ मध्ये ग्लासगोच्या व्यापाऱ्यांनी सभा भरवून सरकारपुढे गाऱ्हाणे मांडले.

परंतु खतावणीची दुसरी बाजूही वाचावयास हवी. कित्येक प्रायव्हेटिअरांना एकही जहाज गवसले नाही. पकडलेली पुष्कळशी जहाजे बंदर गाठण्यापूर्वीच ब्रिटिशांनी परत हिसकावली. अशा वेळी मालकाचे भांडवल बुडे. खलाशाच्या मात्र जिवावर बेते. इंग्लंडमधील डार्टमूरच्या तुरुंगात हजारो अमेरिकन खलाशी होते व त्यांत प्रायव्हेटिअरांवरचे पुष्कळ होते. तह होऊनही सुटकेची वाट पाहणाऱ्या या कैद्यांवर ६ एप्रिल १८१५ रोजी गोळीबार झाला. त्यात सात जण मरण पावले.

१८५६ च्या पॅरिस जाहीरनाम्याने ही प्रथा मोडीत काढली. अमेरिकेने मात्र त्यावर सही केली नाही.

नफ्याची वाटणी कागदावर निम्मी-निम्मी होती; जोखमीची तशी नव्हती. वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने कोणताही भागीदारी करार वाचताना एवढे ध्यानात ठेवावे.