कडबा पचवतो कोण?

देवणीचे नाव घेतले की डोळ्यांपुढे येतात ती गुरे. वानेरा, बालंक्या आणि शेवरा हे देवणी गोवंशाचे तिन्ही प्रकार आपल्यापैकी अनेकांना लांबूनही ओळखता येतील. या गुरांसाठी रचलेल्या कडब्याच्या गंजीला तळातून वाळवी लागते, हेही सर्वांच्या परिचयाचे आहे. गाय आणि वाळवी यांचे हे भांडण एकाच घासाचे. आणि गंमत अशी की, तो घास एकटीने पचविण्याची ताकद दोघींतही नाही.

कडब्यात मोठा भाग सेल्युलोजचा. गाईच्या कोटीपोटातील सूक्ष्मजीव तो आंबवतात आणि त्यातून निघणाऱ्या आम्लांवर गाय जगते. अनेक जातींच्या वाळवीच्या मागील आतड्यात हेच काम प्रजीव करतात. एल. आर. क्लीव्हलँड या अमेरिकी शास्त्रज्ञाने १९२० नंतरच्या दशकात हे प्रजीव मारून पाहिले. वाळवी लाकूड खातच राहिली, पण भरल्या पोटी उपाशी मेली! प्रजीव परत मिळालेली वाळवी मात्र जगली.

हे धन टिकाऊ नसते. कात टाकताना आतड्याचे अस्तर निघते, त्याबरोबर प्रजीवही जातात. मग सोबतिणीच्या गुदद्वारातून येणारा द्रव चाटून ते पुन्हा मिळवावे लागतात. वाचताना किळस येईल. परंतु वाळवीचा समाज मुळात या गरजेतूनच उभा राहिला असावा, असे मानणारे अभ्यासक आहेत. मला हा विचार पटण्याजोगा वाटतो.

आता आपल्या शिवाराकडे येऊ. वाळवी म्हटले की प्रजीवांचे उदाहरण दिले जाते, पण शेतात आढळणाऱ्या ओडोन्टोटर्मिस गटातील वाळवीच्या पोटात ते नसतात. तिच्या आतड्यात जीवाणू असतात आणि पचनाचे मोठे काम बुरशीकडे सोपविलेले असते. खाल्लेला काडीकचरा ती विष्ठेवाटे वारुळातील कप्प्यांत रचते, त्यावर टर्मिटोमायसिस नावाची बुरशी वाढवते आणि बुरशीने मऊ केलेला जुना थर पुन्हा खाते. गाईचे कोटीपोट पोटात, हिचे जमिनीत!

नागपंचमीला आपण वारूळ पुजतो ते नागासाठी. नाग तेथला उपरा; बांधणारी आणि पिकविणारी वाळवीच. शेतात वारूळ खणले की स्पंजासारखे तपकिरी गोळे निघतात, त्यांवर खसखशीएवढे पांढरे कण दिसतात. ते या बुरशीचे.